तिकीट दुसऱ्याच सिनेमाचं दिलं, पडद्यावर मात्र आम्हाला हवा तोच लागला. हे काय प्रकरण आहे?

मटकीची उसळ | रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण तीन तास झाले डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारतेय.

आज आईला आणि मावशीला घेऊन सिनेमाला गेले होते. नवीन मराठी सिनेमा, शुक्रवारीच लागलाय, नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या गावात तीन पडद्यांचं एक थिएटर आहे, त्याचंही नाव नको, उगाच भांडणं. ॲपवर सव्वासहाचा शो दिसत होता पण सगळ्या सीट करड्या, म्हणजे बुक करताच येईना, मला वाटलं वा मराठीला हाऊसफुल्ल, तरी आई म्हणाली चल खिडकीवर बघू, मिळालं तर मिळालं. गेलो तर खिडकीवर गर्दी अशी काही नाही. पोराने मोबाईलमधून मान वर न काढता तीन तिकिटं छापली, प्रत्येकी १५०, आणि प्रत्येकावर बॉलपेनने मोठा "३" काढून गोल केला.

मी बाजूला येऊन बघते तर तिकिटावर नाव त्या साउथच्या डब केलेल्या मारामारीच्या सिनेमाचं, जो गेला महिनाभर ठाण मांडून बसलाय! परत गेले, म्हटलं अहो हे नाही, आम्हाला मराठी पाहिजे. तर म्हणे "मॅडम तेच आहे, तीन नंबरला जा, बिनधास्त बसा". आत गेलो तर खरंच मराठीच लागला. आणि हाऊसफुल्ल वगैरे काही नव्हतं, साठेक माणसं असतील. इंटरव्हलला शेजारच्या काकांना विचारलं तर त्यांच्या तिकिटावरही तेच, साउथचा सिनेमा आणि पेनने काढलेला ३. त्यांनी तोपर्यंत तिकीट वाचलंच नव्हतं.

मावशीचं म्हणणं, "पाहिलास ना पिच्चर? मग तिकिटाला काय चाटायचंय?" पण मला काही पटेना. ही चूक आहे का मुद्दाम केलंय? मुद्दाम असेल तर यात कुणाचा काय फायदा? आणि तक्रार करायची तर कुणाकडे? आमचं तर काहीच नुकसान झालेलं नाही ना!

---

पेठेतला पंखा | रविवार, रात्री ११:४१

तिकीट वाचणारं गिऱ्हाईक अजून शिल्लक आहे हे वाचून डोळे पाणावले. मी तर पॉपकॉर्नची पावती दाखवून आत गेलेलो आहे एकदा, डोअरकीपरने ती पण फाडून दिली.

---

स्क्रू ड्रायव्हर | सोमवार, सकाळी ७:५५

एवढं मनावर घेऊ नका ताई. मी या थिएटरवाल्यांच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट करायचो, दोन वर्षं. होतं काय की आठवड्याचं शेड्युल गुरुवारी रात्री भरतात, कुठल्या पडद्यावर कुठला सिनेमा किती वाजता. मग ऐनवेळी मॅनेजर ठरवतो की हा सिनेमा मोठ्या पडद्यावर नको तो छोट्यावर टाका, कारण एसी बंद पडलाय किंवा प्रोजेक्टरचा दिवा गेलाय किंवा नुसतं पब्लिक कमी आहे म्हणून. ऑपरेटर वर सिनेमा बदलतो पण खाली खिडकीवरच्या कॉम्प्युटरमधलं शेड्युल बदलायला मॅनेजरचा पासवर्ड लागतो आणि मॅनेजर नेमका जेवायला गेलेला असतो. मग खिडकीवरचं पोरगं जे छापलं जातंय ते छापतं आणि पेनने पडदा लिहून देतं. असे फोन मला दर रविवारी यायचे. दरवेळी काळंबेरंच असतं असं नाही.

---

हिशेबनीस | सोमवार, सकाळी १०:१२

स्क्रू ड्रायव्हर, तुम्ही म्हणता ते होतं, मान्य. पण ताईंच्या पोस्टमध्ये एक ओळ तुम्ही गाळलीत. ॲपवर सगळ्या सीट करड्या आणि आत साठ माणसं. हे जेवायला गेलेल्या मॅनेजरचं काम नाही वाटत मला.

सांगतो का ते. मी लॅमिंग्टन रोडला नाझ बिल्डिंगमध्ये एका डिस्ट्रिब्युटरच्या ऑफिसात ११ वर्षं काढली, थिएटरकडून येणारे डीसीआर तपासणं हेच काम. डीसीआर म्हणजे रोजचा कलेक्शन रिपोर्ट, कुठल्या शोला किती तिकिटं गेली, किती दराची, टॅक्स किती, निव्वळ किती. या कागदावरच सगळ्यांची पोटं चालतात, निर्माता काही प्रत्येक गावात खुर्च्या मोजायला जात नाही.

आता पैसे कसे वाटले जातात बघा. २००९ साली हिंदीवाल्या निर्मात्यांचं आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं वाजलं होतं, एप्रिलपासून दोनेक महिने नवे मोठे हिंदी सिनेमे लागलेच नाहीत, आठवत असेल. त्यातून जो तह झाला त्यात डिस्ट्रिब्युटरचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यापासून पुढे ३०. प्रत्येक सिनेमाला आणि प्रत्येक थिएटरला हेच आकडे असतात असं नाही, मराठीला तर ज्याची जेवढी ओढाताण तेवढं पदरात, पण साचा हाच, सिनेमा जुना होत जातो तसा थिएटरचा वाटा वाढतो.

आता ताईंचं १५० चं तिकीट घ्या. १०० च्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, तो काढला की उरतात साधारण १२७ रुपये. मराठी सिनेमा पहिल्या आठवड्यात, निम्मे म्हणजे साडेत्रेसष्ट रुपये डिस्ट्रिब्युटरला द्यायचे. पण तिकिटावर नाव चौथ्या आठवड्यातल्या सिनेमाचं पडलं तर द्यायचे फक्त ३० टक्के, म्हणजे अडतीस. एका तिकिटामागे पंचवीस रुपये थिएटरच्या गल्ल्यात जास्तीचे. साठ माणसांचे झाले पंधराशे. एका शोचे. दिवसाला दोन शो धरा आणि आठवडा धरा, वीस हजारांच्या वर जातं. लहान थिएटरला लाईटबिलाला हातभार लागतो म्हणा.

आणि तो साउथचा सिनेमा जर त्यांनी फिक्स हायरवर किंवा मिनिमम गॅरंटीवर उचललेला असेल तर मग विचारूच नका. म्हणजे एकदाच ठरलेली रक्कम आधी मोजून टाकली, पुढे गॅरंटी वसूल होईपर्यंत किंवा हायर असेल तर शेवटपर्यंत सगळं कलेक्शन त्यांचं. मग मराठीची साठ माणसं तिकडे दाखवली की अख्खे १२७ खिशात.

आता त्या करड्या सीटा. ॲपवरून तिकीट काढलं की नाव सिनेमाचंच पडतं, त्यात पेन चालत नाही आणि त्याचा हिशोब ॲपवाल्याकडे पण राहतो. म्हणून ऑनलाईन कोटा अडवून ठेवायचा, पब्लिकला खिडकीवर आणायचं. मी समोर बसून पाहिलेलं नाही तेव्हा तुमच्या थिएटरवर आरोप करत नाही, पण माझ्या टेबलावर असा डीसीआर आला असता तर मी त्याच दिवशी फोन लावला असता.

---

स्क्रू ड्रायव्हर | सोमवार, सकाळी १०:३०

सीटांचं खरंच गाळलं मी. माघार. ऑनलाईन कोटा आपोआप अडत नाही, कुणीतरी बसून अडवावा लागतो.

---

वऱ्हाडी ठेचा | सोमवार, दुपारी १:०५

मायबाप हो, म्हणजे आपन मराठी सिनेमाले सपोट कराले जातो आन पैसे जातात त्या उडत्या गाड्यावाल्याले! वरतून पेपरात येते का मराठीले प्रेक्षक नाही. प्रेक्षक हाये ना बाप्पा, तिकिटावर नाही हाये.

---

हिशेबनीस | सोमवार, दुपारी २:४०

ठेचाभाऊ नेमकं बोललात. पंचवीस रुपयांपेक्षा मोठं नुकसान तेच आहे. सोमवारी डिस्ट्रिब्युटर आणि थिएटरवाले मिळून शुक्रवार ते रविवारचे आकडे बघतात आणि पुढच्या आठवड्याचे शो ठरतात. रविवारी संध्याकाळी साठ माणसं आली हे कागदावर "७ माणसं" असं दिसलं की मंगळवारी तुमचा सव्वासहाचा शो गेला, मिळाला तर सकाळी साडेनऊचा. मग सकाळी साडेनऊला खरोखरच सात जण येतात. २०१५ मध्ये सरकारने मराठीला मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइम द्यायचं जाहीर केलं, आधी संध्याकाळी ६ ते ९ म्हणाले, मग थिएटरवाल्यांशी बोलणी झाल्यावर दुपारी १२ ते रात्री ९ असं ताणलं. पण शो मिळाला तरी त्या शोची तिकिटं कुणाच्या नावावर फाटतायत हे कोण बघणार?

---

बॅटरीवाला | सोमवार, रात्री ९:१८

मंडळी मी वय वर्षे ६८, टायपिंग नातू करून देतोय. मी १९७८ ते ९६ डोअरकीपर होतो, मग बुकिंगला बसलो, तालुक्याचं थेटर, आता तिथं मंगल कार्यालय आहे.

आमच्या काळात हा प्रश्नच आला नसता कारण तिकिटावर पिक्चरचं नावच नसायचं. पातळ कागद, बाल्कनीचं गुलाबी, अप्परचं पिवळं, थर्डचं हिरवं. थेटरचं नाव, क्लास, दर, करमणूक कर वेगळा लिहिलेला आणि नंबर. बस. पुस्तकांवर करमणूक कर खात्याचा शिक्का मारून आणायला लागायचा, शिक्क्याशिवाय तिकीट विकलं तर धाड. पिक्चर कुठला ते बाहेरच्या बोर्डावर बघायचं. त्यामुळे हिशोब सगळा नंबरावर. शो सुरू व्हायच्या आधी डिस्ट्रिब्युटरचा माणूस, आम्ही त्याला रिप्रेझेंटेटिव म्हणायचो, तो पिक्चरच्या रिळांच्या पेटीबरोबरच यष्टीतून यायचा, तो खिडकीत येऊन पुस्तकाचा पहिला नंबर वहीत लिहून घ्यायचा आणि शो सुटला की शेवटचा. वजाबाकी केली की झाली माणसं.

मग चोरी कशी व्हायची? तर तिकीट फाडायचंच नाही. गर्दीत दारावर तिकीट हातात घ्यायचं, फाडल्यासारखं करायचं आणि मुठीत ठेवायचं. पंधरावीस जमली की चहाच्या पोराबरोबर परत खिडकीवर. तीच तिकिटं पुन्हा विकली की नंबर पुढं सरकत नाही, पैसे मात्र दोनदा. मी केलं का विचारू नका, नातू टाईप करतोय. चांगला रिप्रेझेंटेटिव असला तर तो खिडकीत बसायचाच नाही, सरळ आत येऊन पडद्याजवळ उभा राहून डोकी मोजायचा. एक होता तसा मिरजेकडचा, बॅटरी माझ्या हातातून घ्यायचा आणि रांगेरांगेवर मारायचा, लोक शिव्या घालायचे.

आणि चुकीच्या पिक्चरचं तिकीट म्हणाल तर ते एकदा खरंच झालं. गणपतीच्या टायमाला नवा पिक्चर लागणार म्हणून बोर्ड रंगवला, रिक्षा फिरवली, तिकिटं सगळी गेली, ब्लॅकसुद्धा संपला. पेटी येणारी गाडी घाटात बंद पडली. मालक म्हणाले मागच्या आठवड्याची पेटी अजून इथंच आहे ना, लावा तीच, अर्धा तास काढा तोवर येईल. नावं दिसली मात्र, थर्डमधून पहिली चप्पल आली. पेटी आली रात्री एक वाजता. त्या दिवसापासून पुढच्या दोन रांगांच्या खुर्च्या आम्ही बोल्ट लावून फरशीत घट्ट केल्या.

---

मटकीची उसळ | सोमवार, रात्री ९:५०

आजोबा!! आईला वाचून दाखवलं, ती म्हणतेय थर्डला बसून चप्पल फेकणाऱ्यांत माझा भाऊ असणार. आणि नातवाचे पण आभार.

हिशेबनीस, तुमचा हिशोब बघून पोटात कालवलं. पण एक शंका. आता तर सगळं डिजिटल आहे ना, पेटी नाही की काही नाही. वर कॉम्प्युटरमध्ये कळत असेलच ना की सव्वासहाला कुठला सिनेमा लावला होता?

---

स्क्रू ड्रायव्हर | सोमवार, रात्री १०:२२

कळतं, आणि इथेच गंमत आहे. वर जो सर्व्हर असतो तो प्रत्येक शोची नोंद ठेवतो, कुठली फाईल, किती वाजता सुरू झाली, किती वाजता संपली. सिनेमा कुलूपबंद येतो, डिस्ट्रिब्युटर त्याची डिजिटल किल्ली पाठवतो, ती ठराविक पडद्यासाठी आणि ठराविक तारखांपुरतीच चालते. म्हणजे मराठी सिनेमा तीन नंबरवर लागलाच नव्हता असं कुणाला म्हणता येत नाही. पण प्रोजेक्टरची नोंद एका कंपनीकडे, तिकिटांची नोंद दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन्ही समोरासमोर ठेवून बघणारा माणूस असेल तरच पकडलं जातं. मोठ्या बॅनरवाल्यांकडे असतो. दोन मित्रांनी घर गहाण टाकून काढलेल्या सिनेमाकडे नसतो.

---

चिंचगुळाची आमटी | मंगळवार, सकाळी ८:३३

हे वाचून मला २०१५ आठवलं. कंपनीच्या कामाने तेव्हा शांघायला होते. त्या साली ऑगस्टच्या शेवटी तिकडे अगदी हेच गाजलं होतं. जपानवरच्या विजयाला ७० वर्षं होत होती म्हणून एक देशभक्तीचा युद्धपट काढला होता, "हंड्रेड रेजिमेंट्स ऑफेन्सिव्ह", आणि त्याच सुमाराला हॉलिवूडचा टर्मिनेटर लागला होता. लोक टर्मिनेटर बघायला जात होते आणि हातात तिकीट पडत होतं युद्धपटाचं, त्यावर पेनने टर्मिनेटरचं नाव, वेळ आणि हॉल नंबर लिहिलेला!! लोकांनी फोटो काढून नेटवर टाकले, त्यातूनच फुटलं. ऑफिसातल्या चिनी पोरी हसून हसून दाखवत होत्या. मटकीताईंच्या तिकिटावरचा पेनचा ३ वाचला आणि डोळ्यासमोर तेच फोटो आले.

फक्त तिकडे उलटं होतं, परदेशी सिनेमाची माणसं देशी सिनेमाच्या नावावर. तिकडचं सरकार मग जागं झालं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये इप मॅन ३ नावाच्या कुंग फूच्या सिनेमाची भानगड निघाली, त्यात तर माणसंच नव्हती, ७६०० च्या वर शो नुसते कागदावर, ३.२ कोटी युआनचे, शिवाय ५.६ कोटी युआनची तिकिटं त्यांनी स्वतःच विकत घेतलेली. रात्री उशिरा दहा-दहा मिनिटांनी एकाच हॉलमध्ये शो लागलेले दाखवले होते, म्हणजे सिनेमा संपायच्या आत पुढचा सुरू. डिस्ट्रिब्युटरला महिनाभर धंदा बंद ठेवायला लावला. मग २०१७ च्या १ मार्चपासून कायदाच आला आणि त्याच महिन्यात सव्वातीनशेच्या वर थिएटरांवर कारवाई झाली.

---

पेठेतला पंखा | मंगळवार, सकाळी ९:०१

म्हणजे चीनने आपल्याकडून शिकलं म्हणायचं, का आपण चीनकडून? की मिरजेच्या त्या रिप्रेझेंटेटिवलाच तिकडे पाठवायला हवा होता.

---

डॅलसचा दिगू | मंगळवार, सकाळी ९:४७

इकडे अमेरिकेत हा उद्योग प्रेक्षकच करतात, थिएटरवाल्याला कष्टच नाहीत. आर रेटिंगच्या सिनेमाला १७ वर्षांखालच्या पोरांना मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय सोडत नाहीत. मग पोरं तिकीट काढतात कार्टूनचं आणि आत शिरली की वळतात भुताच्या सिनेमाला, कारण बऱ्याच ठिकाणी तिकीट तपासतात ते एकदाच, लॉबीत. आमच्या चिरंजीवांनी हा पराक्रम केला, मी खिशात तिकीट बघून खूश की बघा अजून कार्टून बघतो, लहान आहे. रात्री दिवा लावून झोपला तेव्हा कळलं. पण पैसे कार्टूनवाल्याला गेले हेही खरंच.

---

कलम कसाई | मंगळवार, दुपारी १२:१५

वकील आहे, फी लावत नाही, घाबरू नका.

मटकीताई, तुम्ही स्वतःच लिहिलंय की तुमचं नुकसान नाही. ग्राहक आयोगासमोर हीच अडचण. तुम्हाला जो सिनेमा हवा होता तो दिसला, पैसेही तेवढेच घेतले (हे बघून घ्या, साउथच्या सिनेमाचा दर जास्त असेल आणि तो लावला असेल तर गोष्ट वेगळी). याआधी आपल्या औरंगाबादच्या एका शिक्षिका बाईंनी शाहरुखच्या फॅन सिनेमावरून केस केली होती, प्रोमोमध्ये गाणं दाखवलं आणि सिनेमात नव्हतं, मुलं रुसली जेवली नाहीत म्हणून. राज्य आयोगाने १० हजार भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती कायम ठेवली, पण २०२४ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, प्रोमो म्हणजे काही वचन नव्हे म्हणाले. तुमची केस त्याच्यापेक्षा बरी आहे कारण तिकीट हा प्रोमो नाही, मल्टिप्लेक्सचं ई-तिकीट हेच जीएसटीचं टॅक्स इनव्हॉइस धरलं जातं, म्हणजे चुकीचं तिकीट हे चुकीचं बिल झालं. तरी भरपाई किती मिळेल याचा विचार केला तर रिक्षाभाडंही निघायचं नाही. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात फी नाही, हेल्पलाईन १९१५ आहे, हौस असेल तर करा, मी अडवत नाही.

खरं नुकसान निर्मात्याचं झालंय आणि त्याला ते माहीतच नाही. त्याच्या हातात करार आहे, हिशोब मागायचा हक्क आहे, आणि पुरावा तुमच्या पर्समध्ये आहे. तो पाठवा.

---

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी १२:५८

वकीलसाहेबांना दुजोरा. फोटो काढताना तिकिटाचा नंबर, तारीख, शोची वेळ आणि पेनचा ३ सगळं एकाच फोटोत येऊ द्या. आणि लवकर काढा, त्या कागदावरची शाई पर्समध्ये आठवड्यात उडते, कोरा कागद हातात येईल.

---

मटकीची उसळ | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

दोन तिकिटं सापडली, तिसरं मावशीने बडीशेप बांधायला वापरलं. फोटो काढून सिनेमाच्या फेसबुक पेजवर मेसेज टाकलाय, बघू.

---

मटकीची उसळ | गुरुवार, रात्री १०:०५

अपडेट!

काल दुपारी पेजवरून उत्तर आलं, मग चक्क दिग्दर्शकाचाच फोन. त्यांच्याकडे आलेल्या रिपोर्टमध्ये रविवारच्या सव्वासहाच्या शोला लिहिलेलं होतं "९". नऊ माणसं! मी म्हटलं अहो नऊ तर आमच्या रांगेतच होती, आणि मावशी दोन खुर्च्यांत बसते. ते हसले आणि मग थोडा वेळ काही बोललेच नाहीत. त्यांनी विचारलं अजून कुणाकडे तिकीट असेल का, तर मी त्या शेजारच्या काकांना शोधून काढलं, आमच्याच गल्लीच्या पुढे त्यांचं टायरचं दुकान निघालं. त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं, धुवून निघालेलं, पण पेनचा ३ तेवढा शाबूत.

डिस्ट्रिब्युटरने थिएटरला फोन केला म्हणे. थिएटरवाल्याने सांगितलं "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम होता, फरक भरून देतो". स्क्रू ड्रायव्हर, तुमच्याच नावाने पावती फाडली बघा.

आज मुद्दाम खिडकीवर जाऊन आले. तेच पोरगं. यावेळी मान वर काढून बघितलं माझ्याकडे. मराठीचं एक तिकीट मागितलं, नाव अगदी बरोबर छापून आलं, पेनबिन काही नाही. फक्त शो उद्यापासून सकाळी ९:४० चा केलाय. शनिवारचं काढून ठेवलं.

---

हिशेबनीस | गुरुवार, रात्री १०:२१

९:४०. बोललो होतो. रविवारच्या "९" वर ठरलेला शो असणार तो, फरक भरून मिळेल, सव्वासहा नाही मिळणार.

---

वऱ्हाडी ठेचा | गुरुवार, रात्री १०:४४

गाव तरी सांगा ना ताई, शनवारी सकाळी आमी येतो पाच-सात जन. बॅटरीवाले आजोबाले पन आना, डोकी मोजाले.

---

बॅटरीवाला | गुरुवार, रात्री ११:०२

आजोबा विचारतायत ९:४० म्हणजे नाश्ता करून यायचं का तिथंच वडा मिळतो. (नातू)